करीच्या दिवशीची खिंड

परवा भाच्याकडे शहरातून पाहुणे आले होते. त्यांना जंगल बघायचं होतं, म्हणून त्यांच्याबरोबर मीही तिकीट काढून, उघड्या जीपमध्ये बसून, आमच्याच डोंगरावर गेले. वर खिंडीत जीप थांबली. तिथे आता सिमेंटचं बाकडं आहे, लोखंडी कठडा आहे आणि एक पाटी आहे. इथून दोन्ही बाजूंचं निसर्गसौंदर्य न्याहाळा, असं पाटी सांगते. पाहुणीबाई कठड्याला टेकून म्हणाल्या, "किती शांत आहे ना इथं!" मी मान हलवली. वाद कोण घालणार? पण ही खिंड शांत अशी कधीच नव्हती. वर्षातून दोन दिवस तरी इथे आठवडी बाजाराला लाजवेल असा गलका असायचा, आणि तो सगळा बायकांचा असायचा.

आमचे डोंगर तसे डोंगर म्हणवून घेण्याच्या लायकीचे नाहीत. सह्याद्री बघून आलेला माणूस त्यांना टेकड्या म्हणतो. मला राग येतो, पण त्याचंही चूक नाही. सुळका नाही, कडा नाही, वर किल्ला नाही. माथे सगळे सपाट, वरून कुणी पाटा ठेवून दाबल्यासारखे. एकामागे एक अशी त्यांची रांग पांढरकवड्याच्या बाजूने निघते आणि घाटंजीच्या अंगाला जाऊन हळूहळू जमिनीत विरते. उतारावर साग. जरा वर गेलं की धावडा आणि साळई, कारण तिथे माती अशी उरलेलीच नाही, नुसता काळा दगड. माथ्यावर कमरेएवढं गवत. माती पावसाने कधीच खाली आणून सोडली, आणि त्याच मातीत आमची कापसाची वावरं आहेत. डोंगराने अंगावरचं काढून आपल्याला दिलं आणि आपण त्यात पऱ्हाटी लावली, असं माझे सासरे म्हणायचे. त्यांच्या बोलण्यात कौतुक होतं की लाज, ते मला कधी कळलं नाही.

पोळ्याच्या सुमारास हे डोंगर इतके हिरवे असतात की डोळ्यांना ओझं होतं. वाट निसरडी, नाल्याला घोट्याएवढं पाणी, सागाच्या पानांवर पाऊस पडला की कुणी पत्रावळ्यांवर दाणे ओतल्याचा आवाज. संक्रांतीला सगळं बदललेलं असतं. सागाच्या पानांची किडीने चाळण केलेली, पाय पडेल तिथे कुरकुर वाजणारी. गवत पिवळं. खाली दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस. होळीपर्यंत पानं गळून जातात आणि डोंगराची हाडं दिसायला लागतात. उन्हाळ्यात तर त्याच्याकडे बघवत नाही. तरी आम्ही बघायचो, कारण दुसरं बघायला होतं काय?

या रांगेच्या अलीकडे माझं सासर आणि पलीकडे माहेर. मध्ये ही खिंड. न्याहारी करून निघालं की ऊन डोक्यावर यायच्या आत पायी खिंडीत पोहोचता यायचं, आणि तेवढंच चालून पलीकडे उतरता यायचं. रस्त्याने जायचं तर मात्र सगळ्या रांगेला वळसा. आधी पांढरकवड्याची एसटी, तिथून घाटंजीची, तिथून गावची, आणि गावची गाडी मनात असेल तरच यायची. अख्खा दिवस त्यातच जायचा. आमच्या गावात जवळजवळ प्रत्येक घरात डोंगरापलीकडून आणलेली एक तरी सून होती. लग्नं ठरवणाऱ्यांनी वाट बघितली होती, रस्ता नाही.

आता ही करीची भानगड सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कर आणि संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी कर. करीच्या दिवशी आमच्याकडे बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, वावरात काम काढत नाहीत, नवं काही सुरू करत नाहीत आणि वेस ओलांडून कुणाकडे पाहुणं म्हणून जात नाहीत. म्हणजे सुनेला वर्षात जे दोन दिवस मोकळे मिळायचे, त्याच दिवशी माहेरी जायची बंदी! पण डोंगर चढणं हा काही प्रवास नव्हे, असं फार पूर्वी कुणीतरी ठरवून टाकलं होतं. कुणी ते माहीत नाही. एखादी हुशार सूनच असणार. तेव्हापासून करीच्या दिवशी इकडून लेकी चढायच्या, तिकडून आया चढायच्या, आणि सगळ्या खिंडीत भेटायच्या. शिदोऱ्या सोडायच्या, खायचं, बोलायचं, एकमेकींच्या डोक्यातल्या उवा काढायच्या, रडायचं आणि ऊन कललं की आपापल्या बाजूला उतरायचं. सासूची परवानगी नको, लुगडं-चोळीचा मान नको, मुक्काम नको. आंधळा मागतो एक डोळा, तसं आम्ही मागितलं होतं. देवाने दुसरा दिला नाही, पण तो एक तरी होता.

माझं लग्न झाल्यापासून मी माहेरी मुक्कामाला अशी गेलेच नाही म्हटलं तरी चालेल. वडील लग्नाआधीच वारले होते. भाऊ बायको-पोरांना घेऊन हैदराबादेकडे बांधकामावर गेला आणि तिकडचाच झाला. आई घरी एकटी. ती आता नाही. त्या वर्षांत मात्र ती पोळ्याला आणि संक्रांतीला न चुकता खिंडीत यायची, हातात काठी, डोक्यावर गाठोडं, आणि पोहोचली रे पोहोचली की आधी बसकण मारून म्हणायची, "थांब माय, दम घेऊ दे. मंग तुले पायतो." दरवर्षी ती जरा जास्त उशिरा पोहोचत होती आणि दम घ्यायला जरा जास्त वेळ लावत होती. माझ्या ते लक्षात यायचं. मी बोलायची नाही.

कापसाचे ते वाईट दिवस होते. आधी अळी, मग पाऊस नाही, मग पाऊस नको तेव्हा, आणि एवढं सगळं होऊन कापूस घरात आलाच तर त्याला विचारणारं कुणी नाही. गावात 'कसं काय चाललंय' असं कुणी कुणाला विचारायचं बंद झालं होतं. उत्तर सगळ्यांना माहीत होतं. माझा नवरा वावराचं काम आटोपलं की पांढरकवड्याला जिनिंगवर कापसाच्या गाठी उचलायला जायचा आणि आठवड्यातून एकदा घरी यायचा. तो वाईट माणूस नव्हता. थकलेला माणूस होता, आणि आमच्या घरात त्याला बरीच सोबत होती.

मला एकच गोष्ट हवी होती. आईला माझ्याकडे आणायचं. दरवेळी खिंडीत उतरायची वेळ झाली की मी विषय काढायची, "माय, चाल आता माह्याकडं. एकटी काहून राह्यतं?"

आणि दरवेळी ती हात झटकायची. "अवं, सगयं टाकून कशी येऊ? बैलजोडी हाय, तिले चारा-पाणी कोण करन? वावर हाय. अन् त्या वेचाच्या बाया! बाप्पा, काय सांगू तुले. अर्धा कापूस पऱ्हाटीवरच ठेवते अन् बांधा-धुऱ्यावर बसून गप्पा हाणते. मांगं फिरून मलेच वेचा लागते."

मजूर बायांना ती अशा काही शिव्या द्यायची की आजूबाजूच्या बायकाही हसायच्या. मला बरं वाटायचं. आई शिव्या देते म्हणजे आईचं बरं चाललं आहे. मग ती विचारायची, "तुयं कसं हाय?" आणि मी सांगायची की मी आता वावरात जात नाही, शिलाई मशीन घेतली आहे, गावातल्या बायकांचे झंपर शिवते. सासूबाई स्वयंपाकघर सांभाळतात, मला चुलीजवळ फिरकू देत नाहीत. आईचा चेहरा फुलायचा. एवढं चढून आलेल्या माणसाला खाली उतरताना काहीतरी न्यायला नको का?

आता मी तिला बोलवत होते ते तिच्यासाठी की माझ्यासाठी, हे मला अजून नीट सांगता येत नाही. मी फार थकले होते. आई घरात असावी एवढंच वाटायचं.

कागदावर तो डोंगर फार आधीपासून अभयारण्य होता. पण कागद कागदाच्या जागी आणि वाट वाटेच्या जागी होती. सरपणाला जाणारे जात, मोहफुलं वेचणारे वेचत, वनरक्षक दिसला तर दुसऱ्या नाल्याने उतरत. मग डोंगरात वाघ वाढले. माणसं घटत होती आणि वाघ वाढत होते, असे ते दिवस. एका पोळ्याच्या करीला आम्ही नटून, गाठोडी घेऊन निघालो, तर पायथ्याशी बांबूचा आडणा लावलेला आणि त्याच्यापुढे वनरक्षक उभा. शेजारच्याच गावचा पोरगा, मला वहिनी म्हणणारा.

"वयनी, काय करू? खिंडीतल्या कपारीत वाघीण पिल्लं घेऊन बसली हाय. वरून हुकूम हाय, एक माणूस वर जाऊ द्याचा नाई. तुमाले काई झालं तं माही नोकरी जाते."

"अन् मले माही माय नाई भेटली तं कोनाचं काय जाते?" मी म्हटलं.

तो आडण्याची दोरी आवळायला लागला. त्याच्याशी भांडून काय उपयोग होता? पलीकडच्या बाजूलाही असाच कुणीतरी उभा असणार आणि आई त्याच्याशी भांडत असणार, हे मला दिसत होतं. बायका आडण्यापाशीच बसल्या, तिथेच शिदोऱ्या सोडल्या, एकमेकींचंच खाल्लं आणि परत आल्या. वाघिणीवर माझा राग नव्हता. तिला पिल्लांसाठी आडोसा हवा होता. पण त्या दिवशी घरी येताना मी दोन्ही हातांनी गाठोडं धरून रडत आले, आणि सोबतच्या बायकांनी मला गप्प बस म्हटलं नाही.

पुढचे महिने वेचणीत गेले. आईचा निरोप नाही. तेव्हा आमच्याकडे फोन नव्हते. ती आजारी आहे का, पडली आहे का, काही कळायला मार्ग नाही. संक्रांत जवळ आली तशी मी मनाशी ठरवलं. वाट बंद झाली तर झाली, मी रस्त्याने जाईन. करीचा दिवस असो नाहीतर आणखी काही. सगळा दिवस लागला तरी चालेल, एक रात्र राहीन, आणि या खेपेला तिला घेऊनच येईन. जावेला म्हटलं, एक दिवस माझ्या घराकडे बघ. ती शेजारीच राहायची, तिने मान हलवली.

करीच्या दिवशी सकाळी निघाले. पांढरकवड्याला गाडी बदलली, घाटंजीला बदलली. सगळा वेळ तो डोंगर खिडकीतून दिसत होता. आधी उजव्या हाताला, मग समोर, मग पुन्हा उजव्या हाताला. एरवी ज्याच्या पाठीवरून सरळ गेले असते त्याच्याभोवती बैल घाण्याला फिरतो तशी मी फिरत होते. पलीकडून तो वेगळाच दिसतो. आमच्या बाजूने त्याचा उतार लांब आणि सावकाश आहे. तिकडून तो खडा आहे, मधे दगडाची काळी पट्टी, आणि खिंड उंचावर, दातातल्या फटीसारखी. इतकी वर्षं आई या बाजूने चढत होती. मला वाटायचं दोन्हीकडून चढ सारखाच असेल.

दिवस मावळायला माहेरच्या गावात उतरले. आईच्या दाराला कुलूप. शेजारची काकू अंगणात भांडी घासत होती. मला बघून तिच्या हातातलं भांडंच पडलं.

"अवं मायबाई! तू इथं? तुही माय तं सकायच्या पयल्या गाडीनं तुयाच घरी गेली!"

"माह्या घरी?"

"हाव! म्हने, पोरीची वाट बंद झाली, ते काई येत नाई आता. मीच जातो. किती सांगतलं, करीच्या दिवशी नको जाऊ, पन आयकते थोडी!"

मी तिथेच ओट्यावर बसले आणि हसायला लागले. काकूही हसायला लागली. हसता हसता मला कळेना की आपण रडतो आहोत की काय. इतकी वर्षं दोघींना एकच सवय. करीच्या दिवशी निघायचं आणि अर्ध्या वाटेवर भेटायचं. डोंगरावर अर्धी वाट होती. रस्त्यावर अर्धी वाट कुठे असते? कुठेतरी दोन लाल गाड्या एकमेकींना ओलांडून गेल्या असतील, एकीत ती आणि दुसरीत मी, आणि दोघीही बहुतेक खिडकीतून डोंगराकडेच बघत असू.

परतीची गाडी आता दुसऱ्या दिवशी दुपारी. काकूने किल्ली दिली. मी कुलूप उघडलं.

घरात काही नव्हतं. एक खाट, एक चूल, दोन भांडी, कोपऱ्यात पऱ्हाट्यांची मोळी. मागे गोठ्यात गेले तर तिथे काकूच्या शेळ्या बांधलेल्या. मी काकूला विचारलं, बैल कुठे आहेत? काकू म्हणाली, "बैलं? बैलं जाऊन तं लय दिस झाले वं. तुले सांगतलं नाई तिनं?" आणि मग आपण नको ते बोललो असं वाटून ती शेळ्यांना चारा टाकायला लागली. मला रागच आला. काकूचा नाही, आईचा. एवढं खोटं बोलायचं? मला?

आणि मग दुसरी गोष्ट लक्षात आली. आत्ता या घटकेला आई माझ्या घरात असेल.

तिला मशीन कुठेच दिसणार नव्हती. आणि तिला माझी सासू दिसणार होती. तीन वर्षांपासून सासूबाईंची एक बाजू लकव्याने गेली होती. त्या अंथरुणावर होत्या. त्यांना उठवणं, बसवणं, धुणं-पुसणं, भरवणं, सगळं मी करत होते, आणि ते आटोपून वेचायला जात होते, आणि परत येऊन पुन्हा तेच. खिंडीत मी आईला हसत सांगायची की सासूबाई मला चुलीजवळ फिरकू देत नाहीत. डोंगर मध्ये होता म्हणून हे सगळं खपत होतं. दोघींनाही एकमेकींच्या घरी जायची वेळ येणार नाही, याची आम्हाला खात्री होती. डोंगराची ती एक सोय होती, आणि कुठल्या पाटीवर ती लिहिलेली नाही.

मी आईच्या खाटेवर आडवी झाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला रात्री कुणी हाक मारणार नव्हतं. सासूबाईंच्या पाठीखाली हात घालायला उठायचं नव्हतं. मी मेल्यासारखी झोपले.

उजाडायच्या वेळी दारावर थाप पडली. "चाल वं बुढे! आज नाल्याकडच्या धुऱ्यापासून लावाचं हाय." मी दार उघडलं. वेचणीला निघालेल्या बायांची टोळी होती, वेचलेला कापूस टाकायला कमरेला ओट्या बांधलेल्या. आईऐवजी मला बघून त्या गोंधळल्या. मी कोण ते सांगितलं. मग मला समजलं की मजूर बाया ज्या म्हणून आई सांगायची, त्या या. आणि ती यांच्यातलीच एक. वावर कधीच मक्त्याने गेलं होतं, आणि आता ती रोज दुसऱ्याच्या वावरात वेचायला जात होती.

गाडी दुपारी होती. रिकाम्या घरात बसून मी काय करणार होते? मी आईची ओटी खुंटीवरून काढली, कमरेला बांधली आणि त्यांच्याबरोबर गेले. तिच्या पातीला, तिच्या वाट्याच्या ओळीला, लागले. वावर डोंगराच्या अगदी पायथ्याशी होतं. सकाळची सावली अजून पऱ्हाटीवर होती, दवाने कापूस ओला होता, बोटं गारठत होती. वर ती काळ्या दगडाची पट्टी उन्हात यायला लागली होती. कितीतरी सुंदर दिसत होती ती, हे कबूल केलं पाहिजे. कुणाच्या उपयोगाचं नव्हतं ते.

माझ्या शेजारच्या पातीवरची बाई हळू आवाजात म्हणाली, "तुमची माय मन लावून वेचते, बाई. पन डोये गेले नं तिचे. अर्धा कापूस पऱ्हाटीवरच राह्यते. आमीच मांगून तिची पात साफ करून घेतो. मालकाले दिसू देत नाई."

मी वेचत राहिले. खिंडीत आई ज्या बायांना शिव्या द्यायची त्या तिच्या मागून तिचा राहिलेला कापूस वेचत होत्या, आणि ज्या बाईच्या नावाने ती बोटं मोडायची ती बाई तीच होती. आधी कधीतरी एखाद्या मालकाने तिला जे ऐकवलं असेल, तेच ती मला हसत हसत ऐकवायची. मला हसूही आलं. आईच ती. दुसऱ्या कुणाला जमलं असतं हे?

दुपारी गाडी मिळाली. घाटंजीला बदलून पांढरकवड्याला उतरले तेव्हा ऊन कललं होतं. स्टँडवर हायवेची धूळ, ट्रकांचे भोंगे, संत्र्याच्या टोपल्या. घाटंजीकडे जाणारी गाडी लागते त्या फलाटावर, खांबाला टेकून, आई बसली होती. मांडीवर तिची वायरची पिशवी.

मी समोर जाऊन उभी राहिले. तिने डोळे बारीक करून बघितलं, आणि मी बोलेपर्यंत तिने मला ओळखलं नाही.

"माय, काल कुठी गेलती?"

"तुयाच घरी. अन् तू?"

"तुयाच."

ती हसली. तोंडात दात थोडेच राहिले होते. "एकीनं तं घरी राह्याचं असतं वं," म्हणाली. मी तिच्याजवळ जमिनीवर बसले. इतक्या महिन्यांनी भेटलो होतो. तिने मशीनचं नाव काढलं नाही. मी बैलांचं नाव काढलं नाही.

मग ती म्हणाली, "इहीनबाईची पाठ लाल झाली हाय. रोज कूस बदलवून देत जाय. मी सकायी गरम पान्यानं पुसून देली, तेल लावून देलं. तांदयाची कनी शिजवून भरवली. चांगली खाल्ली त्यायनं."

"हाव," मी म्हटलं.

"लय दिसापासून निजून हायेत म्हने."

"हाव."

तिने माझा हात घेतला आणि आपल्या मांडीवर उलटा ठेवून त्यावर हात फिरवत बसली. फलाटावर माणसं येत होती, जात होती. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. आता तिच्याकडे बैल नाहीत, वावर नाही, मजूर नाहीत. आता तिला काही कारण सांगता येणार नाही.

"माय, चाल माह्याकडं. आता तं चाल. मी पायलं सगयं."

तिने मान हलवली. "मीबी पायलं, बाई. तुया घरी एकीले उचलाले तूच हाय. दोघीले कशी उचलशीन?"

"उचलीन."

"नाई उचलनं होत." मग एकदम म्हणाली, "त्यापरीस तू चाल माह्यासंग."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"घर रिकामं हाय. खाट हाय. तू पायलं नं? चार दिस चाल. काई करू नको. सैपाक नाई, वेचनं नाई, काई नाई. नुसती नीज. मी भाकर करून उठवीन तुले. चार दिस नुसती नीज."

मला काय वाटलं ते सांगते. मला जावंसं वाटलं. सासूबाई, नवरा, जाऊ, वावरात उभा असलेला कापूस, सगळं तिथेच स्टँडवर टाकून तिच्यामागे जावं आणि त्या खाटेवर पडावं, असं फार वाटलं. मी तिला माझ्या घरी न्यायला निघाले होते. जिच्या घरात दोन भांडी होती ती मला आपल्या घरी न्यायला बसली होती.

"जावेले एकच दिवस सांगतला हाय, माय," मी म्हटलं. "अन् वेचा बाकी हाय."

"कापूस काई पयून नाई जात."

"सासूबाईले कोन पाहीन?"

घाटंजीची गाडी लागली. लोक दाराशी एकदम तुटून पडले. मी तिला हाताला धरून, गर्दीत वाट करून वर चढवली आणि पुन्हा खाली येऊन तिच्या खिडकीशी उभी राहिले. ती खिडकीजवळच्या जागेवर बसली. शेजारच्या जागेवर तिने आपली वायरची पिशवी ठेवली आणि तिच्यावर हात ठेवला.

गाडी भरत गेली. उभं राहायलाही जागा उरली नाही. कडेवर लेकरू घेतलेली एक बाई तिच्यापाशी येऊन थांबली. "मावशी, इथं कोनी हाय का?"

"हाव, माही पोरगी बसते इथं," आई म्हणाली. "खाली उभी हाय. येते आता."

बाईने खिडकीतून माझ्याकडे बघितलं. मी जागची हलले नाही. कंडक्टरने घंटी मारली. गाडी स्टँडच्या फाटकातून वळेपर्यंत मला दिसत होतं. ती बाई लेकरू घेऊन उभीच होती, आणि आईने पिशवी उचलली नव्हती.